मोबदल्याचा क्रम आणि स्वमग्न मुलाचे अवधान : भाषाशिक्षणाच्या दृष्टीने एक विवेचन

(१) प्रश्नाचे स्वरूप

कृतीला फळ मिळाले की ती कृती पुन्हा घडते, हा नियम मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली जाण्यापूर्वीही लोकांना ठाऊक होता. नातवाने शाळेत जावे म्हणून त्याच्या मुठीत खाऊ ठेवणारी आजी याच नियमावर विसंबून असते. स्वमग्न मुलांना शिकविण्याच्या ज्या पद्धती गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जगभर रूढ झाल्या, त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशीही हाच नियम आहे. परंतु नियम सोपा असला तरी त्याचे उपयोजन सोपे नाही. बक्षीस कशाबद्दल दिले हे देणाऱ्याने एक समजावे आणि कशाबद्दल मिळाले हे घेणाऱ्याने दुसरेच समजावे, असे वारंवार घडते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत ही तफावत विशेष मोठी असते. तिचे स्वरूप काय, ती का पडते आणि मराठी भाषा शिकविताना तिचे परिणाम कोणते होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय मानसशास्त्राचा असता भाषाभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिला उत्तर असे की, मोबदला देऊन या मुलांना जे शिकविले जाते त्याचा मोठा भाग म्हणजे बोलणे होय. या विषयावरील बहुतेक प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर झालेले आहेत. मराठीत सर्वनाम, क्रियापद, लिंग व आदरार्थ यांची घडण वेगळी असल्यामुळे त्या प्रयोगांचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

शिवाय हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांच्या तपासणीत ती पाहिली जाऊ लागली. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत सहा विभागांत मिळून ४० बाबी आहेत, आणि त्यांतील एक विभाग भाषा व संज्ञापन यांचाच आहे. तात्पर्य, नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील शिक्षकापुढे व पालकापुढे निदानाचा कागद येऊ लागला आहे. त्यानंतर मुलाशी बोलावयाचे कसे, हा त्यांचा पुढचा प्रश्न आहे.

(२) ‘स्वमग्न’ या संज्ञेविषयी

ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ मध्ये मूळ संज्ञा वेगळ्या आजाराच्या संदर्भात वापरली होती. १९४३ मध्ये लिओ कॅनर याने ११ मुलांचे वर्णन करताना ती घेतली आणि बालविकासाच्या एका स्वतंत्र अवस्थेस लावली. मराठीत तिला ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द सुबक आहे, परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. हे मूल स्वतःत बुडालेले आहे, त्याचे अवधान आत वळलेले आहे, असे तो सुचवितो.

निरीक्षण मात्र निराळे सांगते. पंख्याच्या पात्याकडे अर्धा तास पाहणाऱ्या मुलाचे अवधान आत वळलेले नसते. ते बाहेरच असते, आणि अतिशय उत्कट असते; फक्त त्याचा झोत अरुंद असतो. मरे, लेसर आणि लॉसन यांनी २००५ मध्ये याच दृष्टीने असे प्रतिपादन केले की, स्वमग्न व्यक्तीचे अवधान एका वेळी थोड्याच विषयांवर, पण पूर्ण जोराने एकवटते. हे तिघेही विचारात घेण्याजोगे आहेत, कारण त्यांच्या मांडणीत स्वमग्न व्यक्तींच्या स्वतःच्या अनुभवाला स्थान आहे. अवधान नाही असे मानून ते बक्षिसाने निर्माण करू पाहणे आणि अवधान आहे पण अरुंद आहे असे मानून बक्षीस त्याच्या झोतात ठेवणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

(३) अरुंद अवधान आणि मोबदला

येथे एका जुन्या प्रयोगाचा उल्लेख आवश्यक आहे. लोवास, श्राइबमन, कोगेल आणि रेहम यांनी १९७१ मध्ये मुलांना एक सोपी कृती शिकविली. प्रकाश, आवाज आणि स्पर्श ही तिन्ही एकदम मिळाली की दांडी दाबावयाची, म्हणजे खाऊ मिळे. कृती पक्की झाल्यावर त्यांनी तिन्ही चेतके सुटी करून पाहिली. सर्वसाधारण मुलांनी तिन्हींना सारखाच प्रतिसाद दिला. स्वमग्न मुलांनी मुख्यतः एकालाच दिला. कोणी केवळ आवाजाला, कोणी केवळ प्रकाशाला. बाकीची दोन चेतके जणू तेथे नव्हतीच. ही प्रवृत्ती केवळ स्वमग्न मुलांपुरती मर्यादित नाही, मुलाच्या बौद्धिक वयाशीही तिचा संबंध आहे, असे पुढील संशोधनात दिसून आले. तरीही शिकविणाऱ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व कमी होत नाही.

त्याचा व्यवहारातील परिणाम रिन्कोव्हर आणि कोगेल यांनी १९७५ मध्ये दाखविला. दहा स्वमग्न मुलांना त्यांनी एका खोलीत साध्या आज्ञा शिकविल्या. मग दुसऱ्या जागी, अनोळखी माणसाकडून त्याच आज्ञा देवविल्या. दहांपैकी चार मुलांना तेथे काहीच येईना. शोध घेता असे आढळले की, ही मुले आज्ञेतील शब्द शिकलीच नव्हती. शिकविणाऱ्याच्या हाताची सहज झालेली हालचाल, खोलीतील टेबल-खुर्ची, अशा एखाद्या आनुषंगिक गोष्टीशी त्यांनी मोबदल्याची गाठ बांधली होती. ती गोष्ट नव्या जागी नेऊन ठेवताच आज्ञापालन पुन्हा सुरू झाले.

या प्रयोगाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. मुलांनी शिकण्यात कसूर केली नव्हती. मोबदल्याच्या वेळी त्यांच्या अवधानात जे होते, तेच ती शिकली होती आणि अचूक शिकली होती. चूक होती ती शिकविणाऱ्याच्या समजुतीत. खाऊ शब्दासाठी दिला, असे त्याला वाटत होते. मुलाच्या दृष्टीने तो हाताच्या हालचालीसाठी मिळाला होता.

शिक्षणाची एकसुरी पुनरावृत्ती ही तफावत वाढविते, कमी करीत नाही. हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये स्वमग्न प्रौढांना दृष्टीविषयक एक काम शिकविले. लक्ष्य पडद्यावर एकाच जागी वारंवार दाखविले असता त्यांनी ते चांगले आत्मसात केले. जागा बदलताच कौशल्य गळून पडले, आणि नव्या जागी शिकणेही कठीण झाले. मात्र मधून मधून लक्ष्य नसलेली चित्रे दाखवून पुनरावृत्ती मोडली, तेव्हा शिकलेले ज्ञान नव्या जागीही उपयोगी पडले. घोटून घोटून पक्के करावे, हा उपदेश आपल्याकडे सर्वमान्य आहे. ज्या लातूरचे नाव शिक्षणातील एका ‘पॅटर्न’ला मिळाले आहे, तेथे सराव-परीक्षांच्या पुनरावृत्तीवर लोकांचा विश्वास असावा यात नवल नाही. तो विश्वास स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्याला फळतही असेल. तोच या मुलांच्या वर्गात जसाच्या तसा आणला, तर पक्के होते ते ज्ञान नव्हे, प्रसंग.

(४) मोबदल्याचे क्रम

मोबदला कशाला जोडला जातो याइतकेच तो कोणत्या क्रमाने मिळतो याला महत्त्व आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये मुख्यतः कबुतरांवरील प्रयोगांतून या क्रमांचे विस्तृत वर्णन केले. त्यांचे चार मूळ प्रकार आपल्या परिसरातील उदाहरणांनी समजून घेणे सोपे जाईल.

पहिला ‘नियत प्रमाण’. ऊसतोडीच्या मजुराला टनामागे पैसे मिळतात. ठरावीक काम झाले की ठरावीक फळ. यात काम जोरात होते, पण फळ हाती पडल्यावर थोडी विश्रांती येते. दुसरा ‘अनियत प्रमाण’. गोदावरीच्या काठी गळ टाकून बसलेल्या माणसाला कितव्या खेपेस मासा लागेल हे ठाऊक नसते, म्हणूनच तो उठत नाही. तिसरा ‘नियत काल’. बाजाराच्या दिवशी बाप संध्याकाळी खाऊ घेऊन येतो. सकाळी मूल दाराकडे फिरकत नाही, दिवस कलू लागला की त्याच्या खेपा वाढतात. चौथा ‘अनियत काल’. ज्या दुष्काळात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या काळात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. अशा वेळी माणूस सावकाश पण सतत तोटी फिरवून पाहत राहतो.

यांतून दोन नियम निघतात. नवी कृती शिकविताना प्रत्येक वेळी फळ मिळाले तर ती लवकर बसते. बसलेली कृती टिकवावयाची असेल तर फळ मधून मधून व नेम न ठेवता दिलेले बरे, कारण प्रत्येक वेळी मिळणारे फळ एकाएकी थांबले की कृतीही थांबते. कोगेल आणि रिन्कोव्हर यांनी १९७७ मध्ये स्वमग्न मुलांच्या बाबतीत हेच दाखविले. शिकविताना मोबदला हळूहळू विरळ केला, तर शिकलेली गोष्ट बाहेरच्या जगातही अधिक काळ टिकते.

हा नियम नको त्या कृतीलाही तितकाच लागू पडतो. मूल मोबाईलसाठी किंचाळते. आई देत नाही. आजीही देत नाही. पाचव्या किंकाळीला, पाहुणे बसलेले असताना, काका तो हातात देऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी नवव्या किंकाळीला तो मिळतो. घरातील प्रत्येकाला वाटते की आपण फार लाड करीत नाही. परंतु सर्वांनी मिळून नकळत गळवाल्याचा क्रम सिद्ध केलेला असतो, आणि किंकाळी इतकी चिवट होते की पुढे ती कशानेच जात नाही. एकत्र कुटुंबात फळ देणारे हात अनेक असतात; त्यामुळे हा धोका तेथे अधिक. कार आणि ड्युरँड यांनी १९८५ मध्ये यावर सुचविलेला उपाय भाषाभ्यासकास विशेष महत्त्वाचा वाटेल. किंकाळीने जे मिळते तेच मिळविणारा एखादा शब्द वा खूण मुलाला शिकवावी, आणि त्या शब्दाला प्रथम दर खेपेस फळ द्यावे. नुसत्या दटावणीने जे होत नाही ते पर्यायी शब्दाने होते, कारण किंकाळी हीही एक प्रकारची भाषाच होती.

अनियत क्रमाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे मत मांडले की, पुढे काय घडणार याचा अंदाज बांधण्यातील अडचण हीच स्वमग्नतेच्या अनेक लक्षणांच्या मुळाशी असावी. हे मत अद्याप सर्वमान्य झालेले नाही. तरीही ज्याला अनिश्चितता जाचते त्याच्यासाठी फळाचा नेम मोडताना बाकीचा दिनक्रम स्थिर ठेवणे शहाणपणाचे होय.

(५) फळ म्हणजे काय?

येथवर ‘मोबदला’ हा शब्द खाऊ या अर्थाने आला. सर्वसाधारण मुलाच्या भाषाशिक्षणात मात्र खाऊचे स्थान गौण असते. माणसाचा चेहरा, आवाज, हसू हेच त्याचे फळ. अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठी लाडिक भाषेचे, म्हणजे लहान मुलांशी बोलावयाच्या विशेष भाषेचे वर्णन केले. फर्ग्युसन यांनी त्याच वर्षी सहा भाषांतील अशा बोलींची तुलना केली, तीतही मराठी आहे. ‘मंमं’, ‘भूर’, ‘जोजो’ या शब्दांत आशयापेक्षा सूर आणि ओढ अधिक असते. मूल तो सूर ऐकावा म्हणून कान देते आणि कान दिल्यामुळे शब्द शिकते.

हे चक्र स्वमग्न मुलाच्या बाबतीत वेगळे चालते. कुल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शाळेपूर्वीच्या वयातील स्वमग्न मुलांना दोन ध्वनी निवडावयास दिले. एक आईच्या लाडिक बोलण्याचा, दुसरा त्याच्याच चढउतारांवर बेतलेला पण मानवी नसलेला. त्यांचा कल दुसऱ्याकडे होता. यावरून या मुलांना माणसांत गोडीच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवर आधारित अभ्यासांचा एकत्रित परामर्श घेतला. त्यात असे दिसले की, स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूचा प्रतिसाद सामाजिक फळांइतकाच असामाजिक फळांनाही वेगळा असतो. फरक माणसांविषयीच्या अनास्थेपुरता नाही. मात्र त्यांच्या खास आवडीच्या विषयांना तो प्रतिसाद जोरकस मिळतो.

यातून शिकविणाऱ्याने घ्यावयाचा बोध असा की, फळ मुलाच्या आवडीतून शोधावे, आपल्या आवडीतून नव्हे. ज्याला रेल्वेच्या डब्यांची ओढ आहे त्याला पेढा देण्यात अर्थ नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे फळ कृतीच्या पोटातच असावे. विल्यम्स, कोगेल आणि एगेल यांनी १९८१ मध्ये हा भेद तपासला. मुलाने डबा उघडावा आणि खाऊ शिक्षकाने हातावर ठेवावा, ही एक रीत; मुलाने डबा उघडावा आणि खाऊ त्या डब्यातच सापडावा, ही दुसरी. दुसऱ्या रीतीने मुले लवकर शिकली. कारण उघड आहे. अवधानाचा झोत अरुंद असेल तर कृती आणि फळ दोन्ही त्याच झोतात असली पाहिजेत. हातावरच्या खाऊकडे पाहताना डबा झोताबाहेर जातो.

(६) शब्दाचे फळ

भाषेत ‘डब्यातला खाऊ’ कोणता? ‘पाणी’ म्हटल्यावर मिळणारे पाणी. ‘पाणी’ म्हटल्यावर मिळणारी गोळी अथवा ‘शाब्बास’ हा नव्हे.

स्किनर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या भाषिक वर्तनाच्या विचारात मागणी आणि निर्देश असा भेद होता. मागणीचे फळ मागितलेली वस्तू, निर्देशाचे फळ ऐकणाऱ्याची दाद. चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये या विचारावर घेतलेले आक्षेप आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. मुलाचे व्याकरण मोबदल्यातून निष्पन्न होत नाही, हा त्यांचा मुद्दा आजही भक्कम आहे. ब्राउन आणि हॅन्लन यांनी १९७० मध्ये आई-मुलांच्या संवादांवरून त्याला पुष्टी दिली. मुलाच्या वाक्याला आई मान्यता देते ती त्याच्या व्याकरणाकडे पाहून नव्हे. वाक्य खरे आहे की नाही हे पाहून. ‘बाबा गेली’ असे म्हणणाऱ्या मुलाला, बाबा खरोखर गेले असतील तर, आई ‘हो, गेले’ असेच म्हणते.

चॉम्स्की आणि स्किनर यांच्या वादात मुलाला व्याकरण कसे येते हा प्रश्न होता. आपला प्रश्न त्याअगोदरचा आहे: मुलाने बोलावेच का? या प्रश्नापुरते फळाचे महत्त्व कोणीही नाकारलेले नाही. आणि येथेच एक विपरीत स्थिती दृष्टीस पडते. सर्वसाधारण मुलाला आशयाबद्दल फळ मिळते आणि रूप ते आपोआप शिकते. स्वमग्न मुलाला मात्र आपण रूपाबद्दल फळ देतो, आणि आशय त्याने आपोआप शिकावा अशी अपेक्षा करतो.

मराठीतील एक उदाहरण घेऊ. आई विचारते, ‘तुला पाणी पाहिजे का?’ मूल म्हणते, ‘तुला पाणी पाहिजे का?’ आई पाणी देते. शब्दांचा असा प्रतिध्वनी स्वमग्न मुलांत पुष्कळदा आढळतो. तो निरर्थक नसतो, त्याने संवादाची निरनिराळी कार्ये साधली जातात, हे प्रायझंट आणि सहकाऱ्यांनी १९८१ पासून दाखविले आहे. या मुलाने तो मागणीसाठी वापरला आणि त्याला पाणी मिळाले. आता फळ कशाला जोडले गेले? ‘तुला’, ‘पाणी’, ‘पाहिजे’, ‘का’ आणि प्रश्नाचा सूर या सर्वांच्या अखंड गाठोड्याला. उद्या तहान लागली की मूल तेच गाठोडे पुढे करील. ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल हे कॅनरने नोंदविलेले लक्षण अंशतः अशाच व्यवहारातून दृढ होते.

यावर पाणी रोखून धरणे हा उपाय नव्हे. मागणी खरी होती. ती नाकारली तर बोलून काही मिळत नाही, एवढेच मूल शिकेल. उपाय असा की, मूल तांब्याकडे वळताच आईने प्रश्न न विचारता मुलाच्या तोंडी शोभेल असेच वाक्य म्हणावे, ‘मला पाणी पाहिजे’, किंवा नुसते ‘पाणी’, आणि लगेच पाणी द्यावे. प्रतिध्वनी उमटलाच तर तो योग्य रूपाचा उमटेल.

मराठीची घडण येथे काही बाबतींत साह्य करते. ‘पाहिजे’ आणि ‘नको’ ही रूपे बोलणाऱ्याच्या पुरुषाप्रमाणे वा लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. ‘हवा-हवी-हवे’ यात वस्तूचे लिंग सांभाळावे लागते. ‘पितो-पिते-पितोस’ यात कर्त्याचे लिंग व पुरुष दोन्ही. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा ‘मी देते’, ‘मी येते’ ही रूपे ऐकतो आणि जशीच्या तशी उचलतो. म्हणून पहिल्या मागण्यांसाठी ‘पाहिजे’ व ‘नको’ यांची निवड भाषाशास्त्रीय दृष्ट्याही सयुक्तिक ठरते. विशेषतः ‘नको’ला फळ मिळाले पाहिजे. ज्या मुलाच्या ‘नको’ला मान मिळत नाही त्याच्याजवळ चावा आणि किंकाळी एवढीच साधने उरतात.

(७) कोणते रूप ‘बरोबर’?

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. मूल घरी ‘पानी दे’ म्हणते. वर्गात शिक्षकाची अपेक्षा असते ‘पाणी द्या’. उच्चारात ‘ण’ हवा, आज्ञार्थात आदर हवा; तो नसेल तर पेला पुढे येत नाही. शिस्त म्हणून हे योग्य वाटते. परंतु मोबदल्याच्या क्रमाच्या भाषेत याचा अर्थ असा की, जो शब्द घरी दर खेपेस फळ देतो तो शाळेत कधीच फळ देत नाही. आदराचे नाते वय, परकेपणा आणि प्रसंग या तिन्हींवर अवलंबून असते. म्हणजे ते नेमके त्या अनेक अंगांवर एकाच वेळी अवधान ठेवण्याचे काम आहे, जे या मुलाला सर्वांत जड जाते. ‘दे’ला फळ नाकारल्याने तो ‘द्या’ शिकत नाही. तो शाळेत बोलणे सोडून देतो.

याला आधार आहे. कोगेल, ओडेल आणि डनलॅप यांनी १९८८ मध्ये न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांवर दोन रीती तपासल्या: उच्चार अधिक अचूक झाला तरच फळ, आणि बोलण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला तरी फळ. दुसऱ्या रीतीत मुलांची गोडी आणि बोलणे, दोन्ही अधिक वाढली.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न आणखी एका अंगाने येतो. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, नांदेड शहरात दखनी उर्दू ही अनेकांच्या घरची भाषा आहे. ‘पानी’ हा उच्चार मराठवाडी बोलीत आणि दखनीत सारखाच आहे. त्याला ‘चूक’ म्हणताना दोन्ही घरे चूक ठरतात. मुलाशी एकच भाषा बोला, असा सल्ला पालकांना पुष्कळदा दिला जातो, आणि ती भाषा सहसा घरची नसते. हॅम्बली आणि फोंबॉन यांच्या २०१२ मधील अभ्यासात दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची भाषिक प्रगती एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडलेली आढळली नाही. मग आजीची भाषा मुलापासून तोडण्याने साधते काय? आजीच्या आवाजात जे थोडेबहुत फळ त्याला मिळत होते, तेही जाते.

(८) पुराव्याची मर्यादा आणि गोव्यातील प्रयोग

या पद्धतींविषयी बोलताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. लोवास यांनी १९८७ मध्ये आठवड्याला सुमारे ४० तास शिक्षण दिलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सामान्य पातळीवर आली, असा दावा केला. तो फार गाजला. परंतु त्या प्रयोगात मुलांची विभागणी यदृच्छेने झालेली नव्हती आणि शिक्षेचाही वापर झालेला होता. २०२० मध्ये सँडबँक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विस्तृत परामर्शात असे दिसले की, खेळात व दैनंदिन व्यवहारात मिसळून शिकविण्याच्या रीतींना मिळालेला आधार तुलनेने अधिक विश्वसनीय आहे. बालपणी असे शिक्षण घेतलेल्या काही स्वमग्न प्रौढांनी याहून मूलभूत आक्षेप घेतला आहे. हात हलविणे थांबव, डोळ्यांत पाहा, यासाठी मिळालेले बक्षीस आमच्या उपयोगाचे नव्हते, पाहणाऱ्यांच्या सोयीचे होते, असे ते म्हणतात. हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. फळ देण्याचा अधिकार हाती आला की काय शिकवावे हेही आपणच ठरवू लागतो.

आपल्या शेजारी झालेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेवकांनी पालकांना मार्गदर्शन केले. खाऊ नाही, गुण नाहीत. मूल ज्याकडे पाहत आहे त्याकडे पाहा, त्याविषयी बोला, आज्ञा कमी करा, एवढाच आशय. म्हणजे मुलाच्या अवधानाचा झोत हलविण्याऐवजी पालकानेच त्या झोतात जाऊन उभे राहावयाचे. परिणाम असा झाला की, पालकांचे बोलणे मुलाच्या कृतीशी अधिक जुळू लागले आणि मूल आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागले. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा काळ वाढण्याऐवजी घटला. एका बाबतीत लाभ आणि दुसऱ्या बाबतीत घट, दोन्ही सांगणे आवश्यक आहे. तरीही तज्ज्ञांची वाण असलेल्या आपल्या भागाला यातून एक मार्ग दिसतो. प्रशिक्षित आशा सेविका व अंगणवाडी सेविका हे काम घरोघर, आणि घरच्याच बोलीत, करू शकतील अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

(९) तात्पर्य

वरील विवेचनाचा सारांश असा. स्वमग्न मुलाला अवधान नाही, असे नव्हे. ते अरुंद आणि तीव्र आहे. म्हणून मोबदल्याच्या क्षणी त्या झोतात जे असेल तेच ते शिकते, आणि सभोवतालचे बाकी सारे बाहेर राहते. एकसुरी घोकंपट्टी ही मर्यादा घट्ट करते. जागा, माणूस आणि प्रसंग यांतील वैविध्य ती सैल करते. नवा शब्द दर खेपेस फळला पाहिजे, आणि शब्दाचे फळ त्या शब्दाच्या अर्थातच असले पाहिजे.

विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे अभ्यासाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे. स्वमग्न मराठी मुलाच्या प्रतिध्वनीत कोणती रूपे टिकतात, ‘का’ हा प्रश्नार्थक शब्द केव्हा गळतो, ‘तुला’चे ‘मला’ कोणत्या क्रमाने होते, मुलगा आईची स्त्रीलिंगी रूपे केव्हा सोडतो, या प्रश्नांची उत्तरे इंग्रजीतील ग्रंथ देऊ शकणार नाहीत. पालकांच्या संमतीने व मुलाची खासगी बाब जपून, नांदेड-लातूरच्या घरांतील संवादांच्या नोंदी कोणी काळजीपूर्वक घेतल्या, तर भाषाशास्त्रालाही त्या नव्या असतील.

तोवर शिक्षकाला आणि पालकाला एक साधी कसोटी पुरेल. बक्षीस हातात घेण्यापूर्वी मुलाच्या नजरेचा माग घ्यावा आणि विचारावे की, हे आत्ता दिले तर ते कशाबद्दल दिले असे याला वाटेल? आणि ‘पानी’ म्हणणाऱ्याला आधी पाणी द्यावे. ‘ण’ शिकविण्यास पुढे पुष्कळ वेळ आहे.